चिठ्ठीवर एक ओळ जास्त

मागच्या अंकात शाळकरी मुलांच्या जंतांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं मी वेगळी काढून ठेवली. त्यातली चार अशा घरांतली आहेत, जिथे कुणाची तरी प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खालावली आहे किंवा लवकरच खालावणार आहे. पाचवं एका विद्यार्थिनीचं. मी 31 वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात परजीवींच्या टेबलावर काढली. तिथे जे शिकले, त्यातलं निम्मं या पाच पत्रांच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची किडनी दीड वर्षापूर्वी बदलली. सासूबाईंनी दिली. सगळं छान चाललं होतं. पण पाच आठवड्यांपासून त्यांना दिवसाला आठ-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब होत आहेत, सहा किलो वजन उतरलं. दोनदा शौचाची तपासणी केली, दोन्ही रिपोर्टमध्ये 'ओव्हा, सिस्ट : नॉट सीन', म्हणजे जंतांची अंडी किंवा परजीवींची कवचं दिसली नाहीत. जंत नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण परवा टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) रक्तातली पातळी वाढलेली निघाली. गोळ्या तर तेवढ्याच घेतात. काय समजायचं? — एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, हे वाचून झालं की प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा आणि जुलाबांचा पाच आठवड्यांचा हिशेब सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नाही. टॅक्रोलिमसचा बराच भाग एरवी आतड्याच्या अस्तरातच मोडला जातो. जुलाबांनी ते अस्तर दुखावलं की जास्त औषध रक्तात उतरतं. म्हणजे गोळ्या तेवढ्याच, पण मात्रा वाढल्यासारखी होते आणि त्याचा त्रास नव्या किडनीला. म्हणून या जुलाबांचं कारण शोधणं म्हणजे किडनी सांभाळणं आहे.

आता 'नॉट सीन' या दोन शब्दांबद्दल. साध्या तपासणीत काडीच्या टोकावर मावेल एवढं शौच मिठाच्या पाण्याच्या थेंबात आणि दुसरं तेवढंच आयोडीनच्या थेंबात कालवतात, वर कव्हरस्लिप ठेवतात आणि मायक्रोस्कोपखाली पाहतात. अमीबा, जिआर्डिया, मोठ्या जंताची अंडी, हुकवर्मची अंडी यात दिसतात. पण तुमच्या मिस्टरांसारख्या पेशंटना ज्यांचा धोका जास्त, ते परजीवी या थेंबात बहुधा निसटतात. क्रिप्टोस्पोरिडियम 4 ते 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान. साध्या थेंबात तो यीस्टच्या गोळीसारखा दिसतो आणि नजर त्याच्यावरून पुढे सरकते. मायक्रोस्पोरिडिया तर एक-दीड मायक्रॉनचे, शौचातल्या जीवाणूंच्या गर्दीत मिसळलेले.

त्यांना पकडायला रंग वेगळा लागतो. टीबीच्या स्लाइडला जो लाल रंग वापरतात तोच इथे चालतो. मात्र टीबीसाठी रंग धुवायला 20 ते 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल घेतात, इथे फक्त 1 टक्का, कारण जास्त कडक आम्लाने या परजीवींचाही रंग उतरतो. मग निळी किंवा हिरवी पार्श्वभूमी देतात. तेल टाकून 100च्या लेन्सखाली पाहिलं की निळ्यावर गुलाबी-लाल गोळे उठून दिसतात. लहान गोल असतील तर क्रिप्टोस्पोरिडियम, साधारण दुप्पट आकाराचे, 8 ते 10 मायक्रॉनचे गोल असतील तर सायक्लोस्पोरा, आणि 25-30 मायक्रॉन लांब, गव्हाच्या दाण्यासारखे निमुळते असतील तर सिस्टोआयसोस्पोरा. एका स्लाइडवर तिघांचा निकाल लागतो. मायक्रोस्पोरिडियासाठी मात्र निराळा ट्रायक्रोम रंग, नेहमीपेक्षा दहापट दाट आणि दीड तास ठेवलेला.

मग लॅबने हे का केलं नाही? कारण कुणी सांगितलंच नाही. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर तपासणीची चिठ्ठीही जोडली आहे. तीवर लिहिलंय, 'स्टूल आर/एम, लूज मोशन्स', म्हणजे शौचाची नेहमीची तपासणी, तक्रार जुलाबांची. किडनी बदलल्याचा एक शब्द नाही. सकाळी पन्नास-साठ डब्या समोर असलेल्या तंत्रज्ञाला तुमच्या मिस्टरांची डबी आणि लग्नाच्या जेवणानंतर पोट बिघडलेल्या माणसाची डबी सारखीच. त्याने जे शोधलं ते दिसलं नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. जे शोधलंच नाही त्याबद्दल तो गप्प आहे.

डॉक्टरांना विनंती करून चिठ्ठीवर ही ओळ लिहून घ्या : 'किडनी प्रत्यारोपण, 18 महिने, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड चालू, 5 आठवडे पाण्यासारखे जुलाब, क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, सिस्टोआयसोस्पोरा, मायक्रोस्पोरिडिया पाहावेत.' औषधांची नावं तुमच्या कागदांवरून ताडून घ्या. आणि एक नमुना पुरत नाही. हे परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून एक-एक दिवसाआड तीन नमुने द्या. लॅबला शौच गाळून, फॉर्मॉल-ईथरने घट्ट करून गाळ तपासता आला तर आणखी चांगलं.

मोठ्या शहरात आता अँटिजेन कार्ड आणि पीसीआर पॅनेल मिळतात. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी ती चांगली आहेत. पण पैसे भरण्याआधी यादी वाचून घ्या. अनेक पॅनेलमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, जिआर्डिया आणि अमीबा एवढेच परजीवी असतात. सिस्टोआयसोस्पोरा आणि मायक्रोस्पोरिडिया नसतात. पॅनेल निगेटिव्ह आलं म्हणून स्लाइड सोडू नका.

परजीवी सापडलाच नाही तरी शोध संपत नाही. मायकोफेनोलेट स्वतः जुलाब घडवतं, सायटोमेगॅलो आणि नोरो हे विषाणू आहेत, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू आहे. त्यांची तपासणी डॉक्टर लावतील.

नाव कळण्याने काय फरक पडतो, असं मला पूर्वी वॉर्डातले तरुण डॉक्टर विचारायचे. 2002 सालची गोष्ट सांगते. एचआयव्हीची मोफत औषधं सरकारने 1 एप्रिल 2004ला सुरू केली, त्याच्या आधीचा काळ. आमच्या वॉर्डात एचआयव्ही असलेला 26 वर्षांचा एक मुलगा आला, तीन महिन्यांचे जुलाब, गालफडं बसलेली. बापाने त्याला खांद्यावर टाकून आणलं होतं. सगळ्यांनी आशा सोडलेली. त्याच्या दुसऱ्या नमुन्यात मला ते लांबट, लालसर दाणे दिसले. सिस्टोआयसोस्पोरा. तो को-ट्रायमोक्सॅझोलला दबतो, ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी. पाचव्या दिवशी मुलगा स्वतः चालत नळावर गेला. त्याच महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या स्लाइडवर क्रिप्टोस्पोरिडियम होता. त्याला ती गोळी लागू पडत नाही. नायटाझोक्सानाइड असो वा दुसरं काही, प्रतिकारशक्ती सुधारल्याशिवाय तो हटत नाही, आणि ती सुधारणारी औषधं तेव्हा तिला परवडणारी नव्हती. दोघांचे जुलाब बाहेरून अगदी सारखे होते. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मोजून-मापून कमी करण्याचा विचार करतील, सायक्लोस्पोरा किंवा सिस्टोआयसोस्पोरा निघाला तर गोळी बदलेल, मायक्रोस्पोरिडियाच्या काही जातींना अल्बेंडाझोल चालतं. म्हणून नाव हवं.

प्रश्न : आईला (वय 68, गाव लांज्याजवळ) पेम्फिगस झाला आहे, अंगभर फोड येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडचा मोठा डोस सांगितला, पण त्याआधी शौचाची तपासणी आणि जंतांसाठी रक्ततपासणी करून आणा म्हणाल्या. आई ऐकत नाही. 'आता ह्या वयात माज्या पोटात कसले जंत?' म्हणते. मलाही कळत नाही, कातडीच्या आजारात पोट कशाला तपासायचं? — वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या आईच्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. असा विचार सगळेच करत नाहीत.

आईने आयुष्यभर भाताची लावणी केली असेल, चिखलात अनवाणी. त्या ओल्या मातीत स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या बारीक जंताच्या अळ्या असू शकतात. त्या तळपायाच्या कातडीतून शिरतात, फुप्फुसांतून फिरून लहान आतड्यात जाऊन राहतात. इतर जंत वय झालं की मरतात. हा तसा नाही. याची अंडी आतड्यातच फुटतात आणि काही अळ्या बाहेर पडण्याआधीच पुन्हा आतड्याच्या भिंतीतून आत शिरतात. असं चक्र वर्षानुवर्षं चालतं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांपैकी काहींच्या पोटात मायदेशी परतल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही हा जंत सापडला होता. तुमच्या आईने शेत सोडून किती वर्षं झाली, याने काही फरक पडत नाही.

शरीर धड आहे तोवर हा जंत आटोक्यात राहतो, कुणाला कळतही नाही. मोठ्या डोसचं स्टेरॉइड सुरू झालं की अळ्यांची संख्या भराभर वाढते. त्या फुप्फुसांत, यकृतात, कधी मेंदूपर्यंत जातात आणि जाताना आतड्यातले जीवाणू सोबत नेतात. मग रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर. यातून पेशंट वाचवणं फार अवघड.

ही गोष्ट मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेशंटची डबी वॉर्डातून माझ्याकडे आली. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली, चिठ्ठीवर फक्त 'स्टूल आर/एम'. मी एक स्लाइड पाहिली, काही दिसलं नाही, तसं लिहून दिलं. दुसरा नमुना मागवला नाही, वॉर्डात फोनही केला नाही. अकरा दिवसांनी त्याच माणसाची थुंकी टीबी शोधायला आली आणि माझ्या सहकाऱ्याने मला हाक मारून लेन्समधून पाहायला लावलं. लांबलचक अळी पडलेली होती. तो दोन महिने स्टेरॉइडवर होता, हे मला तेव्हा कळलं. तो वाचला नाही. त्यानंतर मी चिठ्ठी अपुरी असली की वॉर्डात फोन केल्याशिवाय एकही रिपोर्ट सोडला नाही. ते मला आधीच करायला हवं होतं.

आता आईसाठी काय करायचं ते. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी वाढलेल्या आहेत का पाहा. वाढल्या असतील तर संशय पक्का धरा, पण वाढल्या नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका; आणि एकदा स्टेरॉइड सुरू झालं की या पेशी घटतात, मग ती खूणही जाते. रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) तपासणी आत्ताच उपयोगी आहे, कारण आईची प्रतिकारशक्ती अजून शाबूत आहे. औषधांनी ती दबली की प्रतिपिंडंही नीट तयार होत नाहीत आणि निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही.

शौचात या अळ्या थोड्या असतात, एका स्लाइडवर वारंवार हुकतात. जिथे सोय आहे तिथे आगर प्लेट, म्हणजे जीवाणू वाढवायची जेलीची थाळी, मागा. प्लेटच्या मध्यावर शौचाचा गोळा ठेवतात, त्यातून अळ्या बाहेर सरपटतात आणि अंगाला चिकटलेले जीवाणू वाटभर पेरत जातात. दोन-तीन दिवसांत त्या वाटेवर जीवाणूंच्या वसाहतींच्या रांगा उमटतात, ओल्या वाळूवर खेकडा चालून गेल्यासारख्या. दुसरी रीत बेअरमनची : जाळीच्या कापडात शौच बांधून कोमट पाण्याच्या नरसाळ्यात टांगायचं, अळ्या पाण्यात उतरून तळाशी जमतात. दोन्हींसाठी अळ्या जिवंत हव्यात. म्हणून नमुना ताजा, फ्रिजमध्ये न ठेवलेला, फॉर्मलिन न घातलेला.

फोड फार वाढले असतील आणि तपासणीची वाट पाहायला वेळ नसेल, तर डॉक्टर आधीच आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध देऊ शकतात. तो निर्णय त्यांचा. आई म्हणेल, मी गेल्या वर्षी जंताची गोळी घेतली होती. ती बहुधा अल्बेंडाझोलची एक गोळी असेल. या जंतावर तिचा भरवसा नाही.

प्रश्न : बायकोचे केमो चालू आहेत. पाणी टँकरचं. त्यात क्लोरीनचे थेंब टाकतो, ते पुरेत का? आणि शौचाचा नमुना लॅबमध्ये कसा न्यायचा? दोनदा परत पाठवला. — वाचक, जालना

उत्तर : थेंब टाका, पण त्यावर थांबू नका. पाणी खळखळून उकळू द्या, पूर्ण उकळी एक मिनिट राहू द्या, झाकून गार करा. तिचं पिण्याचं, दात घासण्याचं पाणी हेच. क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचापुढे क्लोरीनची नेहमीची मात्रा चालत नाही. 1993 साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच सुमारे 4 लाख लोक आजारी पडले, आणि मेले ते बहुतांशी एड्सचे रुग्ण.

नमुना परत येण्याची कारणं नेहमीचीच असतात. रुंद तोंडाची, कोरडी, घट्ट झाकणाची डबी घ्या. आधी लघवी करून घ्यावी, मग स्वच्छ कोरड्या भांड्यात शौच धरावं. लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळलं की हलणारे परजीवी मरतात. आव किंवा रक्त असेल तर तोच भाग घ्या. पातळ शौच अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचलं पाहिजे, अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात. तुम्ही लॅबपासून लांब राहत असाल तर लॅबकडून फॉर्मलिनची डबी आधी आणून ठेवा, आणि जमल्यास नमुना तिथेच जाऊन द्या. डबीवर नाव, तारीख आणि शौच झाल्याची वेळ लिहा. बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल, तर तेही सांगा, कारण दोन्हींनंतर काही दिवस परजीवी दिसेनासे होतात. आणि चिठ्ठीवर 'केमो चालू' हे दोन शब्द.

प्रश्न : मी 2009 पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या घेतो. मध्ये वर्षभर सोडल्या. आता सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) 62 आहे. महिनाभर डोकं दुखतं, डाव्या हातातून वस्तू पडतात. एमआरआयमध्ये मेंदूत तीन गाठी निघाल्या. टॉक्सोप्लाझ्माचा आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. एक डॉक्टर टीबी म्हणतात, एक टॉक्सो. आयजीएम निगेटिव्ह म्हणजे टॉक्सो नाही ना? — नाव प्रसिद्ध करू नये

उत्तर : दादा, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी संपादकांमार्फत तुम्हाला दवाखान्यात दाखल होण्याचा निरोप पाठवला होता. इथे उत्तर देते ते तुमच्यासारख्या इतरांसाठीही.

नाही, तसा अर्थ होत नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बऱ्याच जणांच्या शरीरात कधीतरी पूर्वीच शिरलेला असतो, कच्च्या मांसातून किंवा मांजराच्या विष्ठेने दूषित माती-पाण्यातून, आणि झोपून राहतो. सीडी4 100च्या खाली गेला की तो जागा होतो. आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचेच दोन प्रकार. आयजीएम हे नव्या संसर्गाचं लक्षण, तुमचा संसर्ग जुनाच आहे, म्हणून ते निगेटिव्ह येणं अपेक्षितच. आयजीजी पॉझिटिव्ह एवढंच सांगतो की तो तुमच्या शरीरात आहे. गाठी त्याच्याच आहेत, हे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याकडे टीबीच्या गाठीही तशाच दिसतात, त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर विचार करत आहेत. पाठीतल्या पाण्याची पीसीआर पॉझिटिव्ह आली तर भक्कम पुरावा, निगेटिव्ह आली तर प्रश्न तसाच राहतो. मेंदूत दाब वाढलेला असेल तर ते पाणी काढणंही धोक्याचं. अशा वेळी टॉक्सोचं औषध सुरू करून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करतात. गाठी आकसल्या तर निदान तिथेच होतं, नाही तर टीबी आणि इतर कारणांचा शोध, लागली तर बायोप्सी.

बिहार-झारखंडकडच्या ज्या कामगारांना एचआयव्ही आहे आणि ताप, वाढलेली पांथरी आहे, त्यांच्या डॉक्टरांना एक सांगणं : काळ्या आजाराची (काला-आजार) आरके-39 पट्टी, म्हणजे रक्ताची झटपट तपासणी, अशा पेशंटमध्ये निगेटिव्ह येऊ शकते. ती पट्टीही शेवटी पेशंटच्या प्रतिपिंडांवरच चालते. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर परजीवी डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : मॅडम, मी डीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञाची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे. क्रिप्टोस्पोरिडियम आणि यीस्ट मला वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्याकडे पॉझिटिव्ह स्लाइडही नाही, फक्त पुस्तकातलं चित्र. — विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बेटा, हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला. आयोडीनच्या थेंबात यीस्ट तपकिरी होते, क्रिप्टोस्पोरिडियम रंग घेत नाही. आम्लाच्या रंगात उलटं : यीस्ट मागच्या निळ्या किंवा हिरव्या रंगाची होते, क्रिप्टोस्पोरिडियम लाल. यीस्टला कळी फुटलेली दिसते, याला कधीच नाही. एकाच स्लाइडवर काही गोळे गडद, काही फिके, काही नुसत्या पोकळ कड्यासारखे दिसतील, त्याने गोंधळू नकोस. आणि अंदाजाने आकार लिहू नकोस, आयपीसमधल्या मोजपट्टीने मोज. 5 मायक्रॉन आणि 9 मायक्रॉन यात औषध बदलतं. लॅबमध्ये फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर 9वाला गोळा बिनरंगाचा अतिनील उजेडात धर. सायक्लोस्पोरा असेल तर निळा चमकेल.

अळी दिसली तर आधी नमुना किती तासांचा आहे ते विचार. शिळ्या शौचात हुकवर्मची अंडी फुटूनही अळ्या निघतात. हुकवर्मच्या अळीची तोंडाची नळी लांब, स्ट्राँगिलॉइड्सची अगदी आखूड.

पॉझिटिव्ह स्लाइडसाठी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सरांकडून पत्र घेऊन जा. हगवण लागलेल्या आठ-पंधरा दिवसांच्या वासरांच्या शेणात क्रिप्टोस्पोरिडियम पुष्कळदा सापडतो. चार-पाच स्लाइड करून आण, दोन रंगव, बाकीच्या ठेवून दे आणि प्रत्येक नव्या रंगाच्या बाटलीबरोबर एक रंगवून पाहा. हातमोजे घालून काम कर, वासराचा तो परजीवी माणसालाही होतो.